कृतज्ञ माणसाचा हप्ता

माझ्या मित्राला कृतज्ञतेचा आजार आहे, आणि तो दिवसेंदिवस बळावत चालला आहे. सकाळी जिना उतरताना तो घरमालक पापाजींच्या पाया पडतो, संध्याकाळी चढताना घरमालकीण बीजींच्या. लोहडी, बैसाखी, गुरुपुरब यांच्या शुभेच्छा त्यांच्या सख्ख्या मुलाच्या आधी याच्याकडून पोचतात. सातारला गेला की येताना कंदी पेढे ठरलेले. पापाजींना मधुमेह आहे हे त्याला ठाऊक आहे, म्हणून "एकच घ्या हं, पापाजी" असं बजावून तो अख्खा खोका त्यांच्या हातात ठेवतो. कुणी नवा माणूस भेटला की पाचव्या मिनिटाला "मी आज जो काही आहे तो पापाजींमुळे" असं म्हणतो आणि डोळे पुसतो.

आज तो जो काही आहे त्याचा हप्ता दर महिन्याच्या 5 तारखेला पापाजींच्या पेन्शनच्या खात्यातून जातो.

हे सगळं चाललंय चंदिगढच्या सेक्टर 39 मध्ये. ज्यांनी चंदिगढ पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो, इथे वाडी, पेठ, आळी असला प्रकार नाही. ल कॉर्बुझिएने पट्टी घेऊन साधारण 800 मीटर बाय 1200 मीटरचे चौकोन आखले आणि त्यांना नंबर दिले. 'कुठले?' असं विचारलं की माणूस आकडा सांगतो, आणि ऐकणारा त्या आकड्यावरून त्याची मिळकत ओळखतो. 39 हा दुसऱ्या टप्प्यातला, म्हणजे 31 ते 47 मधला आकडा. इथे 16 सारखी गुलाबाची बाग नाही की 17 सारखा कारंज्यांचा चौक नाही. पर्यटक वाट चुकल्याशिवाय इकडे फिरकत नाही. पण शहर ज्यांच्यावर चालतं अशा काही गोष्टी इथे आहेत. धान्याची मंडी आहे. तिच्या जवळच्या चौकाला लोक अजून जिरी मंडी चौक म्हणतात, जिरी म्हणजे साळ. सूक्ष्मजीवांवर संशोधन करणारी 'इम्टेक' ही 1984 सालची सरकारी संस्था आहे. आणि वॉटरवर्क्स आहे. भाक्रा कालव्याचं पाणी कजौलीला उपसतात, ते मोठाल्या नळांतून इथे येतं आणि इथून शहरभर जातं. पापाजींनी सारी नोकरी या पाण्याच्या खात्यात केली. निवृत्त झाले तरी नळाखाली बादली भरून वाहायला लागली की ते अंगणातून ओरडतात.

मी शेजारच्या 40 मध्ये राहतो. मित्र पापाजींच्या कोठीच्या वरच्या मजल्यावर भाड्याने. भाडं तो वेळेवर देतो, हे त्याच्या बाजूने नमूद केलं पाहिजे. भाडं बीजी वसूल करतात.

आता पापाजी त्याच्या कर्जाला जामीन कसे राहिले ते. त्याचं श्रेय मित्राच्या कर्तबगारीला फारसं जात नाही. ते संत नामदेवांना जातं. नामदेव उत्तरायुष्यात पंजाबात होते, गुरुदासपूर जिल्ह्यात घुमानला त्यांचं स्थान आहे, आणि गुरू ग्रंथसाहिबात त्यांची 61 पदं आहेत. 2015 च्या एप्रिलमध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन घुमानला भरलं, सदानंद मोरे अध्यक्ष होते, तेव्हा आपल्याकडे 'एवढ्या लांब कशाला?' अशी पुष्कळ चर्चा झाली. पंजाबात ती झाली नाही. पापाजी रोज पहाटे 'भगत नामदेव जी' यांची बाणी वाचतात. वर्षाआड ते अंबाल्याहून सचखंड एक्सप्रेस पकडून नांदेडला हजूर साहिबला जाऊन येतात. त्यांच्या लेखी मराठी माणूस म्हणजे अर्धा नामदेवांच्या घरचा आणि अर्धा नांदेडचा. अशा माणसाने बँकेच्या कागदावर सही मागितली तर ती द्यायची नाही, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. साडेसहाशे वर्षांची पत होती. माझ्या मित्राने ती एका सहीत काढून घेतली.

कर्ज काढलं मिसळीच्या दुकानासाठी. सेक्टरच्या बाजारात अर्धा गाळा घेतला आणि पाटीवर शिवाजी महाराजांचं चित्र लावलं. पहिल्या दिवशी सगळे मराठी लोक आले, फोटो काढून गेले आणि पुन्हा आले नाहीत, कारण आपण मराठी लोक मिसळ घरी याहून चांगली करतो अशी आपली प्रत्येकाची खात्री असते. मग पंजाबी गिऱ्हाईक यायला लागलं. त्याने पावाला लोणी मागितलं. मित्र म्हणाला, मिसळीच्या पावाला लोणी लावत नाहीत. त्याने रश्शात पनीर घालता येईल का विचारलं. मित्र गल्ल्यावरून उठून उभा राहिला. एका आजोबांनी तर्रीचा चमचा तोंडात घातला आणि बराच वेळ वाहेगुरूंचं नाव घेतलं; मित्राने ती दाद मानली. समोर छोले-कुलच्याची गाडी होती, तिच्यावर तिखट, आंबट, लोणी सगळं मागाल तसं मिळायचं. तो गाडीवाला आता मोहालीत फ्लॅट घेतो आहे. मित्राने सातारी तिखटाशी तडजोड केली नाही आणि दुसऱ्या हिवाळ्यात दुकान बंद केलं. तत्त्वासाठी माणूस कर्जबाजारी होतो हे मला मान्य आहे. माझी तक्रार एवढीच की तत्त्व याचं आणि हप्ता पापाजींचा.

जामीनकी ही चीज किती जालीम आहे ते सही करताना कुणाला कळत नाही. सही करणाऱ्याला वाटतं, आपण चांगल्या चालचलणुकीचा दाखला देतो आहोत. 1872 च्या भारतीय करार कायद्याचं कलम 128 सांगतं की करारात वेगळं काही ठरलेलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. म्हणजे अर्धी नाही, मागाहूनची नाही, 'बघू, करू' अशीही नाही. आधी कर्जदाराकडून वसूल करा, जमलं नाही तर माझ्याकडे या, असं म्हणायची सोयही त्याला नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1969 सालीच ते स्पष्ट केलं आहे. बँक सरळ जामीनदाराचं दार वाजवू शकते, आणि बँका माणसं ओळखतात. ज्याला लाज आहे त्याचं दार त्या पहिल्यांदा वाजवतात. चोर सोडून संन्याशाला सुळी ही म्हण आपल्याकडे अन्यायाचं उदाहरण म्हणून शिकवतात. वसुली खात्यात तीच कामाची पद्धत आहे.

वसुलीवाल्यांनी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातच्या नंतर फोन करू नये, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. ते तो काटेकोर पाळतात. बरोबर आठला पापाजींचा फोन वाजायचा. पाठ संपवून ते चहाचा पेला घेऊन अंगणात बसलेले असायचे. पलीकडचा पोरगा विचारायचा, तुमचा माणूस कुठे आहे? आणि तुमचा माणूस त्याच क्षणी जिन्यावरून उतरून पापाजींच्या पाया पडत असायचा. पापाजी त्याच्या डोक्यावर हात ठेवून फोनवर सांगायचे, "हो जाऊगा जी, कोई गल नहीं." काही महिने हे ऐकल्यावर त्यांनी बँकेत जाऊन हप्ता आपल्या खात्याला लावून घेतला. मित्राला ही बातमी कळली तेव्हा त्याला इतकं भरून आलं की तो दोन किलो पेढे घेऊन आला.

एवढं झाल्यावर कुणालाही वाटेल की मित्र कंगाल असणार. तसं नाही. दुकान बंद झाल्यावर त्याला मोहालीत बरी नोकरी लागली आणि त्याने गाडी घेतली. जुनी, पण ऐटबाज, पांढरी. चंदिगढमध्ये गाडीशिवाय माणूस म्हणजे देवळात चपला घालून आल्यासारखा वाटतो हे खरं आहे. इथे घरात माणसं किती हे अंगणातल्या गाड्या मोजून कळत नाही, कारण गाड्याच जास्त निघतात. गाडी रोज सकाळी एक पोरगा येऊन धुतो. त्याचे महिन्याचे पैसे मित्र 1 तारखेला देतो, एक दिवस इकडेतिकडे होत नाही. मी एकदा विचारलं, याला बरे वेळेवर देतोस? मित्र म्हणाला, "अरे, तो बादली घेऊन दारात उभा राहतो."

या एका उत्तरात सगळं प्रकरण आहे. माणूस देणं फेडतो ते देण्याच्या थोरवीप्रमाणे फेडत नाही, मागणाऱ्याच्या आवाजाप्रमाणे फेडतो. विजेचं बिल, मोबाइल, केबल, गाडी धुणारा, इस्त्रीवाला, या रांगेत जो जितका मोठ्याने ओरडेल तितका पुढे. ज्याने अडचणीत हात दिला, आणि नंतर सभ्यपणे गप्प बसला, तो रांगेच्या शेवटी उभा असतो. त्याला आपण पैशाऐवजी आदर देतो. आदराला व्याज लागत नाही.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात तो पोरगा बादली सोडून पाइप लावून गाडी धूत होता. या दिवसांत पाइपने गाडी धुतली तर इथली महापालिका दंड करते. पापाजी काठी घेऊन धावत आले. एवढे चिडलेले मी त्यांना कधी पाहिले नव्हते. कजौलीहून हे पाणी इथवर कसं येतं, किती पंप चालतात, उन्हाळ्यात वरच्या मजल्यांवर थेंब चढत नाही, हे सगळं त्यांनी मित्राला भर रस्त्यात सुनावलं. मित्र मान खाली घालून ऐकत होता. ज्या माणसाला दहा बादल्या पाण्याचा इतका राग येतो त्याच्या तोंडून तीन लाखांच्या कर्जाबद्दल अवाक्षर निघत नव्हतं. पाणी सरकारी होतं ना. स्वतःच्या पैशाबद्दल बोलायला संकोच वाटतो.

तेव्हा बोलायचं काम माझ्याकडे आलं.

मित्राला 'पैसे दे' असं सांगणं हे मित्राला पैसे देण्यापेक्षा अवघड काम आहे. शिवाय पैसे माझे नव्हते. आपले पैसे मागताना निदान हक्काने घसा खाकरता येतो. दुसऱ्याचे मागायला गेलं की 'तुला का पुळका?' हा प्रश्न हवेत असतोच. म्हणून मी ठरवलं, थेट बोलायचं नाही. मित्र वाचणारा आहे, सातारचा असल्यामुळे इतिहासाचा अभिमानी आहे. तेव्हा इतिहासातून जायचं.

पहिल्यांदा धावडशीचे ब्रह्मेंद्रस्वामी काढले. सातारच्या माणसाला धावडशी सांगावी लागत नाही. हे स्वामी सत्पुरुष होते आणि सावकारही होते. मोठमोठ्या सरदारांना ते पैसा पुरवायचे, आणि दिलेला पैसा विसरायचे नाहीत. थोरल्या बाजीरावाने मोहिमांवर मोहिमा काढल्या त्या कर्जावर. त्याचं स्वामींना लिहिलेलं एक पत्र प्रसिद्ध आहे. सावकारांच्या पाया पडून पडून कपाळाची कातडी झिजली, अशा अर्थाचं त्यात तो लिहितो. मी मित्राला म्हटलं, बघ, ज्याने दिल्लीला धडक दिली त्यालासुद्धा सावकारांचा घोर होता. माझा हेतू स्वच्छ होता: तूही रोज पाया पडतोस, पण तुझं कपाळ बघ, कसं तुळतुळीत आहे!

मित्र बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिला. मग छाती भरून म्हणाला, "म्हणजे थोरल्या बाजीरावांवरसुद्धा कर्ज होतं तर!" त्या दिवसापासून तो आपल्या कर्जाकडे मोहिमेच्या खर्चासारखा बघायला लागला.

मग मी शेक्सपिअर काढला. 'मर्चंट ऑफ व्हेनिस' सगळ्यांना शायलॉकसाठी आठवतं, मांसाच्या तुकड्यासाठी आठवतं. माझ्या मते त्यातला खरा आरोपी बसानिओ आहे. हा गडी अँटोनिओचे आधीचे पैसे बुडवून बसलेला. तरी पुन्हा येतो आणि सांगतो, एक बाण हरवला तर दुसरा त्याच दिशेने सोडावा, दोन्ही सापडतात. म्हणजे अजून दे, मग आधीचेही मिळतील. अँटोनिओकडे रोकड नाही, तर तो मित्रासाठी स्वतः कागदावर सही करतो. तीन हजार डुकॅट, मुदत तीन महिने. सही करून अँटोनिओ व्हेनिसमध्ये जहाजांची वाट बघत बसतो आणि बसानिओ नवे कपडे शिवून लग्न जमवायला जातो. मुदत उलटते, आणि जामीन राहणारा माणूस कोर्टात छाती उघडी करून उभा. मी हे सगळं रंगवून सांगितलं. सांगताना 'नवे कपडे' या शब्दांच्या वेळी खिडकीतून त्याच्या पांढऱ्या गाडीकडे बघितलंही.

मित्र म्हणाला, "पण शेवटी सुटला ना अँटोनिओ?"

सुटला, मी म्हटलं, बसानिओच्या बायकोने सोडवला, दुप्पट पैसे द्यायची तयारी दाखवून आणि वर वकिली करून.

स्वयंपाकघरातून वहिनींनी पातेलं जरा जोरात ठेवलं. मित्र म्हणाला, "तो बाणाचा मुद्दा मात्र बिनतोड आहे. मी पण म्हणतोय, अजून एक दुकान टाकलं, या वेळी पावाला लोणी लावून..."

मार्क्सवर मी फार वेळ घालवला नाही. 'भांडवल' लिहिणाऱ्या माणसाचं घर एंगेल्सच्या भांडवलावर चाललं, आणि तत्त्वांशी पटत नसताना एंगेल्स मँचेस्टरच्या कापड गिरणीच्या कचेरीत वर्षानुवर्षं बसला, एवढं मी सांगतो न सांगतो तोच मित्राच्या चेहऱ्यावर विचारवंताची कळा दिसायला लागली. मी विषय बदलला.

शेवटी हुकमाचं पान टाकलं: मार्क ट्वेन. याची प्रकाशनाची कंपनी 1894 मध्ये बुडाली. कायद्याने दिवाळखोरीनंतर त्याला सगळं देणं फेडायची सक्ती नव्हती. स्टँडर्ड ऑइलचे हेन्री रॉजर्स त्याच्या पाठीशी उभे राहिले, त्यांनी व्यवहार हातात घेतला. साठीच्या घरातला हा माणूस तरीही घराबाहेर पडला आणि जगभर व्याख्यानं देत फिरला. 1896 च्या जानेवारीत तो मुंबईत होता, वॉटसन हॉटेलात उतरला होता, खोकल्याने हैराण होता, आणि तरी लोकांना हसवून देणं फेडत होता. 1898 पर्यंत त्याने पैनपै चुकती केली. यात पळवाट निघायची शक्यताच नव्हती, असं मला वाटलं.

मित्राचे डोळे चमकले. म्हणाला, "मी पण व्याख्यानं देऊ शकतो. 'परप्रांतात उद्योग करताना' असा विषय. तुझी मंडळात ओळख आहे ना?"

थोरांच्या चरित्रांतून माणूस शिकतो असं शाळेत सांगतात. माझा अनुभव असा की कर्जदार माणूस थोरांच्या चरित्रांतून सवलत काढतो.

इतिहास संपल्यावर मी सरळ बोललो. त्याची उत्तरं तयार होती, आणि ती वाचकांपैकी अनेकांच्या ओळखीची असतील. पहिलं: "पापाजी कुठे मागताहेत?" दुसरं: "मी पैशाचा विषय काढला तर त्यांना वाईट वाटेल. आमचं नातं पैशापलीकडचं आहे." नातं पैशापलीकडचं खरंच होतं, पैसा अलीकडे होता आणि तो पापाजींच्या बाजूने होता. तिसरं उत्तर सगळ्यात घातक: "हजार-दोन हजार काय द्यायचे त्यांच्या हातात? शोभतं का ते? एकदमच देणार." या 'एकदम'ने आजवर जितकी कर्जं बुडवली तितकी लबाडीने बुडवली नसतील. लबाड माणूस निदान घाबरलेला असतो. 'एकदम'वाल्याच्या मनात कर्ज फिटलेलंच असतं, फक्त तारीख राहिलेली असते.

मी मंडीत एका आढत्याचा सल्ला घेतला. हिशेबाच्या वह्या रचलेल्या गादीवर बसून तो पिढ्यान्‌पिढ्या शेतकऱ्यांना उचल देत आला आहे. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि त्याला माझ्या मित्रापेक्षा स्वतःचीच कीव आली. पूर्वी म्हणे बरं होतं. शेतकरी उचल घ्यायचा, पीक आलं की त्याच आढत्याच्या दारात आणायचा, हमीभावाचे पैसे आढत्याच्या हातून जायचे, उचल तिथल्या तिथे वळती व्हायची. तोंड उघडावं लागत नव्हतं. 2021 च्या गव्हाच्या हंगामापासून पंजाबात ते पैसे सरळ शेतकऱ्याच्या खात्यात जायला लागले. आता मागावं लागतं. मागितलं की माणूस दुखावतो, नाही मागितलं की विसरतो. उठताना त्याने मला एवढंच सांगितलं, पैसा याच्या हातात येऊच देऊ नका. तो वाईट आहे म्हणून नाही. हातात आलेल्या पैशाला शंभर कामं सुचतात.

तेवढ्यात पापाजींच्या नातीचं कॅनडाचं निघालं. इथे हे प्रत्येक तिसऱ्या घरात निघतं. शिक्षणाचं कर्ज हवं, घर आजोबांच्या नावावर, म्हणून सहकर्जदार आजोबा. बँकेने आजोबांचा सिबिलचा कागद काढला. जामीन राहिलेलं कर्ज जामीनदाराच्या कागदावरही दिसतं, हे कॉलेजात शिकवत नाहीत. आयुष्यात स्वतःसाठी सायकलसुद्धा उधारीवर न घेतलेल्या माणसाच्या नावापुढे थकलेले हप्ते आणि मिसळीचं दुकान. बँकेतल्या बाईंनी चष्म्यावरून बघत विचारलं, ये मिसळ क्या होती है?

पापाजींनी घरी येऊन काही सांगितलं नाही. बीजींनी वहिनींना सांगितलं, मटार सोलता सोलता, हिशेब मागतोय असं जराही न वाटू देता. नातीला एक वर्ष थांबायला सांगितलंय, एवढंच. वहिनी वर आल्या. मी तिथेच होतो, आणि मित्र मला गाडीला नव्या सीटकव्हरचे नमुने दाखवत होता. वहिनींनी ते नमुने त्याच्या हातातून घेतले, नीट घडी करून टेबलावर ठेवले आणि मला म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही बाजीरावापासून सुरुवात केलीत तिथेच चुकलं. गाडी कितीला जाईल ते सांगा."

मित्राने विरोध केला. गाडीशिवाय पापाजींना रात्री-अपरात्री दवाखान्यात कसं न्यायचं, हा त्याचा शेवटचा मुद्दा होता. वहिनी म्हणाल्या, पेढे बंद केलेत तर न्यावं लागणार नाही.

हिशेब सोपा निघाला. बँकेचं उरलेलं देणं तीन लाखांच्या आतबाहेर. पापाजींनी आजवर भरलेले हप्ते वेगळे. ते आता दर महिन्याला पगार जमा होताच त्यांच्या खात्यात वळते होतील, अशी सूचना वहिनींनी मित्राकडून बँकेला द्यायला लावली आहे. करार कायद्याच्या कलम 145 प्रमाणे जामीनदाराने रास्तपणे भरलेली रक्कम कर्जदाराकडून परत मिळण्याचा त्याला हक्कच आहे. हे मी पापाजींना सांगायला गेलो तर त्यांनी "कोई गल नहीं" म्हणत माझ्यापुढे पेढे ठेवले. खोका जवळजवळ भरलेला होता.

गाडीपुरती विनंती मात्र वाचकांना करायची आहे. पांढरी सेदान, पेट्रोल, चंदिगढ पासिंग, सीएच 01. रोज धुतलेली, बहुतेक वेळा बादलीने. विमा चालू आहे. मागच्या सीटवर एका बाजूला कंदी पेढ्याचा तुपकट डाग आहे, तो जात नाही. सेक्टर 39 मध्ये कुठल्याही दिवशी संध्याकाळी सातनंतर बघायला मिळेल; किंमत वहिनींशी बोलावी, मित्राशी बोलू नये. घेणाऱ्याने रोख रक्कम आणू नये. चेक बँकेच्या कर्जखात्याच्या नावाने लिहावा, खाते क्रमांक वहिनी देतील.